कार्यक्रम संपल्यानंतरचा कार्यक्रम: निजिकाई, उचिआगे, आफुता वगैरे

निशिकासाईकर
मंडळी, टोकियोत नोकरीला येऊन फार काळ झालेला नाही. जपानीची एन३ परीक्षा पुण्यातच केली होती, त्यामुळे ऑफिसातलं बोलणं बऱ्यापैकी समजतं. समजत नाही ते ऑफिस सुटल्यावरचं.

एप्रिलमध्ये आमच्या विभागात नव्या लोकांच्या स्वागताची पार्टी झाली. इझाकायात (जपानी पद्धतीचा खाण्यापिण्याचा बार), घड्याळ लावून दोन तास. शेवटी सगळ्यांनी उभं राहून एकदम टाळी वाजवली. मला वाटलं, झालं. बूट घालून बाहेर आलो तर एकही माणूस हलेना. दुकानाच्या दारात घोळका करून सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. मग एकाने हळूच विचारलं, "निजिकाई?"

ऑगस्टमध्ये एका सहकाऱ्याबरोबर कोमिकेतला गेलो (हौशी चित्रकथावाल्यांची ती प्रचंड जत्रा, बिग साइटला भरते ती). चार वाजता बाजार उठल्याची घोषणा झाली, तिथेही टाळ्या, आणि लगेच याच्या मित्रांचं सुरू: "आफुता कुठे?" म्हणजे इंग्रजीतला 'आफ्टर'. आणि आता आमचं एक प्रोजेक्ट संपतंय, तर येत्या शुक्रवारी 'उचिआगे' आहे असं मेल आलंय.

हे तिन्ही एकच की वेगवेगळं? जावंच लागतं का? आणि मुख्य म्हणजे, वाईट न दिसता निघायचं कधी? आपल्याकडे पाहुणे निघाले की दारात उभं राहून पुन्हा तासभर गप्पा होतात, तसलंच हे वाटतंय, फक्त या लोकांनी त्याला क्रमांक दिलेत.

गण्या
पयला!
क्रमांकांचं खरंय. इचिजिकाई पहिली बैठक, निजिकाई दुसरी, सान्जिकाई तिसरी. चौथीपासून मोजणारा शुद्धीवर नसतो.

केतकी_योकोहामा
निशिकासाईकर, तिन्ही वेगळं आहे, जमेल तसं सांगते.

निजिकाई म्हणजे निव्वळ दुसरी बैठक. कशाच्याही नंतरची असू शकते: ऑफिसची पार्टी, लग्न, शाळेच्या जुन्या वर्गाचं संमेलन. पहिल्या बैठकीचं जेवण आणि दोन तासांचं 'नोमिहोदाई' (ठरलेल्या पैशात हवं तितकं पिणं) आधीच बुक असतं. दुकानाला पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं असतं, म्हणून ते वेळ संपली की अक्षरशः उठवतात. शेवटची ऑर्डर साधारण अर्धा तास आधी घेऊन जातात. त्यामुळे गप्पा रंगात येतात तेव्हाच जागा सोडावी लागते. दारातला जो घोळका तुम्ही पाहिलात तो बहुतेक वेळा कांजीची वाट पाहत असतो. कांजी म्हणजे आयोजनाचं जोखड मानेवर घेतलेला माणूस, बहुधा सगळ्यात ज्युनियर. तो आत बिल देत असतो आणि दुसऱ्या हाताने फोनवर कराओकेची खोली शोधत असतो.

उचिआगे म्हणजे काम तडीस गेल्यानंतरची बैठक. प्रोजेक्ट, नाटक, चित्रीकरण, शाळेचा सांस्कृतिक महोत्सव. माझी मुलगी हायस्कुलात आहे, त्यांच्या स्नेहसंमेलनानंतर अख्खा वर्ग याकिनिकू (टेबलावर भाजलेलं मांस) खायला गेला, त्यालाही उचिआगेच म्हणतात. दारूचा संबंध नाही. याला आपल्याकडे तंतोतंत शब्द आहे: श्रमपरिहार.

आफुता ही नवी बोली. कोमिकेत, कॉस्प्ले, बोर्डगेम असल्या कार्यक्रमांनंतर ओळखीचे चार-सहा जण जेवायला जातात ती. तिथे कोणी साहेब नाही, भाषण नाही. जावंच लागतं असं तर अजिबातच नाही.

नाट्यवेडा
श्रमपरिहार! व्वा केतकी. गणपती विसर्जनानंतर आमच्या मंडळाचा व्हायचा. वर्गणीत उरलेल्या पैशांवर. आणि उरायचे नाहीत तेव्हा भांडणावर.

उचिआगेतलं 'उचि' म्हणजे वाजवणं, ठोकणं. पूर्वी नाटकाचा किंवा सुमोचा खेळ संपला की ढोल वाजवून तसं जाहीर करत, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. गंमत अशी की आतषबाजी आणि रॉकेटचं उड्डाण यांनाही हाच शब्द. तेव्हा एखाद्या जपानी अंतराळ शास्त्रज्ञाला आज उचिआगे, उद्या पुन्हा उचिआगे.

गण्या
आणि दुसऱ्यात रॉकेट कोण आणि कक्षेत कोण पोचतं ते सकाळी कळतं.

रात्रपाळी
आफुताबद्दल एक सावधगिरीची सूचना, कोणी दिली नाही म्हणून देतो. निशिकासाईकर, ऑफिसात सोमवारी "काल रात्री आफुताला गेलो होतो" असं मोठ्याने सांगू नका. टोकियोतल्या गिंझा-काबुकिचोच्या होस्टेस क्लबांमध्ये हा शब्द फार आधीपासून आहे. क्लब बंद झाल्यावर तिथल्या बाईने गिऱ्हाइकाबरोबर जेवायला किंवा दुसऱ्या बारमध्ये जाणं, त्याला आफुता म्हणतात. (क्लब उघडण्याआधी बाहेर जेवून मग एकत्र येणं म्हणजे दोहान.) आफुताचे तिला सहसा वेगळे पैसे मिळत नाहीत, गिऱ्हाईक टिकवायला जावं लागतं. आता पन्नाशीच्या साहेबाला या शब्दाचा कुठला अर्थ आधी आठवेल?
"कोमिकेतचं आफुता" असं पूर्ण म्हणा, वाचाल.

साकुरा_सदाशिव
हसून हसून पुरेवाट. कोमिकेतला गेलो होतो हे साहेबाला सांगण्यात तरी कुठे वाचणं आहे!

जुनाजाणता
धागा बघून राहवलं नाही. मी नव्वदच्या दशकात नागोयाजवळ एका कारखान्यात होतो. केतकीताईंनी लिहिलंय ते बरोबर, पण ते कागदावरचं. माझा अनुभव असा की पहिली बैठक ही दुसऱ्या बैठकीची प्रस्तावना असते. पहिलीत सगळे आपापल्या जागी, साहेबाचं भाषण, एकमेकांच्या ग्लासात बिअर ओतणं, आपला ग्लास वरिष्ठाच्या ग्लासापेक्षा खाली धरून 'कान्पाई' (म्हणजे चिअर्स). कामाचं एक अक्षर निघत नाही. निजिकाईला माणसं निम्मी होतात, टाय सैल होतो आणि मग एखादा सेक्शन चीफ आपल्या शेजारी येऊन सांगतो की तुझा प्रस्ताव मीटिंगमध्ये का पडला. मीटिंगमध्ये तो हे सांगूच शकत नसतो. मला जे जपानी कळलं, आणि जे काम कळलं, ते दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत. आणि जो दोनदा नाही म्हणतो त्याला तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. मनात राग ठेवून नव्हे, त्याला अडचणीत टाकायला नको म्हणून. पण परिणाम तोच.
तेव्हा माझा सल्ला: जा. दारू नको असेल तर नका पिऊ, पण जा.

मिझू
जुनाजाणता, आदर राखून असहमत. तुम्ही सांगता तो जपान होता, मान्य. पण ही व्यवस्था कोणासाठी चालत होती? ज्यांच्या घरी मुलं सांभाळायला बायको होती त्यांच्यासाठी. माझ्या टीममधली एक बाई सहाला पाळणाघर गाठायला पळते. प्रस्ताव का पडला हे तिला कोण सांगणार, आणि किती वाजता?

आणि आता जपानी लोकच कंटाळलेत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'बोनेनकाई सुरू' हा शब्द सगळीकडे गाजत होता. इथलं 'सुरू' म्हणजे आपलं सुरू नव्हे, इंग्रजी 'थ्रू': वर्षअखेरीची पार्टी सरळ टाळणं. मग कोविड आला आणि टाळायची गरजच उरली नाही. २०२१ मध्ये निप्पॉन लाइफ या विमा कंपनीच्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांनी 'नोमिनिकेशन' (पिता पिता होणारा संवाद, नोमु म्हणजे पिणं) नको असं सांगितलं. आग्रह करून पाजण्याला आता 'आरुहारा' असा दटावणीचा शब्द आहे. आमच्याकडे तर स्वागताची पार्टी दुपारच्या जेवणाला होते.

जुनाजाणता
मिझू, पाळणाघराचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पाहणीत "नको" म्हणणारे आणि शुक्रवारी रात्री शिंबाशीच्या (टोकियोतला ऑफिसवाल्यांचा पिण्याचा अड्डा) गल्लीत उभे असणारे यांच्यात बरीच माणसं तीच असणार, पैज लावतो.

साकुरा_सदाशिव
दोघांचंही पटलं. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

खादाडखाऊ
सगळे तत्त्वज्ञान सांगतायत, खायचं काय ते कोणी सांगेना. धागाकर्ते शाकाहारी असतील तर?

केतकी_योकोहामा
एदामामे (उकडलेल्या सोयाच्या शेंगा), फ्राइज, लोणची, काकडी. थंड तोफू मागवलंत तर वर माशाचा कीस असतो, तो नको म्हणून आधी सांगा. तळलेल्या तोफूचा रस्सा माशाच्या पाण्याचा असतो. सीझर सॅलडवर बेकन. बसल्या बसल्या न मागवता जी छोटी वाटी येते ती ओतोशी. तिचे तीनशे-चारशे येन बिलात असतातच, भांडायला जाऊ नका.
न पिणाऱ्यांनी ऊलोंग चहा मागवावा. पण 'ऊलोंगहाई' म्हणजे त्यात दारू, आणि दोन्ही ग्लास दिसायला अगदी सारखे. वास घेऊन मगच तोंडाला लावा.

खादाडखाऊ
धन्यवाद ताई. म्हणजे शेंगा. दोन तास शेंगा.

चकलीसम्राट
खरी मजा शेवटच्या खाण्यात. 'शिमे', म्हणजे समारोपाचं खाणं. टोकियोत रात्री बाराला रामेन (रस्सेदार नूडल्स). सप्पोरोत मात्र लोक पिऊन झाल्यावर आइस्क्रीम-फळांचं पारफे खातात, त्यासाठी मध्यरात्रीपर्यंत उघडी दुकानं आहेत. ओकिनावात तर चक्क स्टेक! पिऊन झाल्यावर स्टेक! या लोकांच्या जठराला माझा साष्टांग नमस्कार.

शुभांगी_काकू
मी दादरहून वाचते आहे, जपानला गेलेली नाही. पण ते टाळीचं काय ते कोणीतरी नीट सांगा ना. निशिकासाईकरांनी दोनदा लिहिलंय.

ओसाकाकर
काकू, चांगला प्रश्न. आणि धाग्याचं उत्तरही तिथेच आहे.

तिला तेजिमे म्हणतात, हाताने 'बंद करणं'. टोकियोकडे इप्पोन्जिमे: कोणीतरी "योऽ" म्हणतो आणि सगळे तीन-तीन-तीन-एक अशा टाळ्या वाजवतात. तीन त्रिक नऊ. जपानी लिपीत नऊच्या अक्षरावर एक टिंब दिलं की 'गोल' हे अक्षर होतं, म्हणून शेवटची एक टाळी म्हणजे ते टिंब. सगळं गोल झालं, सुरळीत पार पडलं. ऑफिसात हल्ली नुसती एकच टाळी मारतात. तिचं नाव खरं तर इत्चोजिमे, पण लोक तिलाही इप्पोन्जिमेच म्हणतात आणि मग निम्मे एक टाळी मारून थांबतात, निम्मे तीन. दरवर्षी हाच घोळ. आमच्या ओसाकात वेगळीच: "उऽचिमाशो" टाळी टाळी, "मो हितोत्सु से" टाळी टाळी, "इओऽते सान्दो" आणि शेवटच्या तीन टाळ्या किंचित अडखळत्या लयीत. टोकियोचा माणूस तिथे हमखास चुकतो, आम्हाला तेवढाच आनंद.

आता मुद्दा. वेळ संपली पण मंडळी अजून बसणार असतील तर जी टाळी होते ती 'नाकाजिमे', मधली टाळी. तिचा अर्थच असा की इथून पुढे राहणं ऐच्छिक. ज्यांना निघायचंय त्यांच्यासाठी ते दार उघडून दिलेलं असतं. टाळीच्या आधी उठलात तर दिसतं, नंतर उठलात तर कोणी मान वळवूनही बघत नाही.

नाट्यवेडा
जे ब्बात! म्हणजे भैरवी झाली की निघावं.

शुभांगी_काकू
ओसाकाकर, फार छान सांगितलंत.
लग्नाबिग्नात तिकडे "संपलं" असं म्हणतात का? आमच्याकडे नाही हो म्हणत. नारळ वाढवतो, बांगडी वाढवते, आणि घरातून निघताना "येते" म्हणायचं, "जाते" म्हटलं की आजी ओरडायची.

केतकी_योकोहामा
काकू, अगदी हेच! लग्नात "संपणं", "कापणं", "तुटणं" हे शब्द वर्ज्य. समारोपाला 'ओहिराकी' म्हणतात, म्हणजे चक्क 'उघडणं'. केकसुद्धा कापत नाहीत, त्यात सुरी 'घालतात'.

अनाहूत
लग्नाचा विषय निघालाच आहे तर: तिथली निजिकाई हा स्वतंत्र प्रकार आहे. मुख्य मेजवानीला घरचे, साहेब, अगदी जवळचे मित्र. तिथे पाकिटात मित्राने साधारण तीस हजार येन घालायचे (दहा हजारांच्या तीन नोटा, विषम संख्या, दोघांत सारख्या वाटता येऊ नयेत म्हणून. आपल्या एकशे एकच्या वरच्या रुपयाची आठवण झाली). बाकीच्या मित्रमंडळींना फक्त संध्याकाळच्या निजिकाईचं बोलावणं. तिथे पाकीट नाही, दारात ठरलेली फी भरायची, पाच ते दहा हजार. मग बिंगो वगैरे खेळ. मला पहिल्यांदा फक्त निजिकाईचं आमंत्रण आलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे पंक्तीला नाही, तांबूलाला बोलावलंय!" तिची समजूत काढायला वेळ लागला. आणि पैसे भरून जायचंय हे तर मी सांगितलंच नाही.

साकुरा_सदाशिव
वहिनींचं बरोबर आहे. ताटावर बसवायचं नाही आणि वर तिकीट.

पेनलाइटवाली
मैफलवाल्यांचा प्रकार राहिलाच की. आवडत्या गायकाचा कार्यक्रम झाला की आम्ही चाहत्या जवळच्या फॅमिली रेस्टॉरंटात बसून कुठलं गाणं कितवं झालं, कुठल्या ओळीला आवाज हलला, सगळं उकरून काढतो. त्याला 'कान्सोसेन' म्हणतात. मूळ शब्द शोगी आणि गो या पटावरच्या खेळांतला. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडू तोच डाव पुन्हा मांडून कुठे काय चुकलं ते बोलतात. हरलेला माणूस जिंकलेल्याच्या समोर बसून हे करतो, टीव्हीवर बघितलंय, अंगावर काटा येतो. आमचं तेवढं उदात्त नसतं. तीन तास ड्रिंक बारवर (एकदा पैसे भरून हवी तितकी पेयं) काढतो आणि वेटर आमचा द्वेष करतात.

जाता जाता, इंटरनेटवर ओळख झालेल्यांनी प्रत्यक्ष भेटणं म्हणजे 'ओफुकाई', ऑफलाइनमधला ऑफ. ऐंशीच्या दशकात मोडेम लावून संगणकावर गप्पा मारायचे तेव्हापासूनचा शब्द. म्हणजे आपलं गेट-टुगेदर किंवा कट्टा.

रात्रपाळी
आणि ओफुकाईच्या निजिकाईला टोपणनावं गळून खरी नावं कळायला लागतात, तिथून अनेकांनी पळ काढलेला आहे.

मिझू
शिंतो देवळातली पूजा झाल्यावर देवाला ठेवलेली साके आणि नैवेद्य सगळ्यांनी मिळून घ्यायचा, त्याला नाओराई म्हणतात. गावच्या जत्रेत अजून होतो. मला तो सगळ्यात आवडतो. अर्ध्या तासात संपतो, हे एक कारण.

निशिकासाईकर
बापरे, एवढा प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. शाकाहारी नाही, त्यामुळे खादाडखाऊंनी शेंगांची काळजी करू नये.
जुनाजाणतांचं वाचून वाटलं जावं, मिझूंचं वाचून वाटलं कशाला. एक व्यावहारिक शंका: टाळीनंतर निघायचं हे कळलं, पण दारातल्या घोळक्यातून कसं सुटायचं? "घरी काम आहे" चालतं का?

ओसाकाकर
काम वगैरे सांगू नका, खोटं वाटतं. "शूदेन" म्हणा: शेवटची गाडी. यापुढे जपानात कोणी बोलत नाही. आणि कांजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की फक्त पहिल्या बैठकीला आहे. त्याला खोलीसाठी माणसं मोजायची असतात, तो उलट आभार मानेल.

केतकी_योकोहामा
तुमच्या निशिकासाईहून ऑफिस मेट्रोने अर्ध्या तासावर असेल तर रात्री साडेआठला शूदेन सांगू नका म्हणजे झालं. २०२१ च्या मार्चपासून जेआर या रेल्वे कंपनीने टोकियो भागातल्या शेवटच्या गाड्या अर्धा तास अलीकडे आणल्या, त्यामुळे कारण तेवढं बळकट झालंय, पण इतकंही नाही.

जुनाजाणता
आमच्या वेळचे साहेब हाताची दोन बोटं जुळवून निन्जासारखी मुद्रा करत आणि "दोरोन!" म्हणून अंतर्धान पावत. तरुणांनी केलं तर हशा हमखास.

मिझू
कृपया करू नका. हशा तुमच्यावर असेल.

चकलीसम्राट
आणि गाडी चुकलीच तर पहाटे पाचच्या सुमाराची पहिली गाडी, शिहात्सु. तोवर कराओके. रात्रभर जागण्याला 'ओऽरू' म्हणतात. पंचविशीपर्यंत ठीक आहे.

निशिकासाईकर
शनिवार सकाळ. जाऊन आलो. टाळी एकच झाली, मी तीन मारल्या, पण तीन मारणारे आणखी चार जण होते त्यामुळे निभावलं. कांजीला आधी सांगितलं होतं, तरी दारातल्या घोळक्यात आमच्या टेस्टिंगच्या बाईंनी विचारलं की जवळच कॉफी घेऊन जायचं का, अर्धा तास. दारू नाही, कराओके नाही. गेलो. आम्ही पाच जण होतो, त्यात दोघं माझ्यासारखेच 'फक्त पहिली बैठक' सांगितलेले. पुढच्या रिलीजला काय मोडणार आहे ते सगळं तिथेच कळलं.
याला निजिकाई म्हणायचं का?

जुनाजाणता
कळलं ना? मग निजिकाईच.

मिझू
कॉफीवर कळलं, साडेनऊला घरी पोचलात. हे दुपारीही होऊ शकलं असतं.

गण्या
टेस्टिंगच्या बाई. बरं. पुढचं उचिआगे कधी?

निशिकासाईकर
गण्या, त्यांना दोन मुलं आणि एक कुत्रा आहे, फोटो बघितले. पुढचं डिसेंबरात, बोनेनकाई. आणि कांजी मी आहे, नवा म्हणून. तेव्हा खरा प्रश्न आता विचारतो: निघालेल्या माणसाकडून पैसे आधी घेतात की नंतर? आणि साहेब जास्तीचे दहा हजार हातात कोंबतो ते वारिकानच्या (सगळ्यांनी सारखा वाटा भरण्याच्या) हिशोबात धरायचे का?

केतकी_योकोहामा
आधी घ्यायचे, दारातच. नंतर कोणी सापडत नाही. साहेबाचे हिशोबात धरा, सगळ्यांची वर्गणी तेवढी कमी करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी त्यांच्या टेबलापाशी जाऊन आभार माना.

ओसाकाकर
असहमत. साहेबाचे पैसे निजिकाईसाठी बाजूला ठेवायचे. आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

मिझू
म्हणजे जे निजिकाईला जात नाहीत त्यांनी पूर्ण भरायचे आणि जाणाऱ्यांना सवलत? वा रे वा. केतकीचंच बरोबर.